जनकाबाईच्या पानावरची अंडी

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार

पाय सुजलेत. दिवसभर काउंटरवर उभा. सकाळपासून तेच – बोंडअळी, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा लोक म्हणायचे, अळीची कटकट गेली. आता डोमकळी झालेलं, अळीनं आतून मिटवलेलं फूल खिशातून काढून दाखवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. जसा मी डॉक्टर! बारावी नापास माणूस मी. शेतीच्या औषधांच्या दुकानात अठरा वर्षं उभा राहिलो, एवढंच माझं शिक्षण.

दुपारी जनकाबाई आली. धाड गावाच्या पुढे, टेकडीखाली तिचं तीन एकर. दरवेळी नवरा येतो, इंद्रभान. तो निंदणाला बायका गोळा करत होता म्हणून ही आली. स्टीलची डबी उघडून माझ्यापुढे सरकवली. आत पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं पान. पानाच्या मागच्या अंगाला अंडी. मी नीट बघितलंच नाही, बिल फाडत होतो.

"गनीभाऊ, हे काय व्हय?"

"अंडी व्हत."

"ते मलेही दिसते. कायची?"

"किड्याची. फवारा मारा, जातीन."

"मारायच्या आंधी काय हाये ते तं सांगा!"

मागचे लोक हसले. मी नाही हसलो. दोन बाटल्या दिल्या, एक टॉनिक. आणि रोज शंभरदा बोलतो ते बोललो – "तिन्ही एकाच पंपात घाला, चक्कर वाचते." तिनं ते दोनदा तोंडानं म्हणून घेतलं, विसरू नये म्हणून. तिन्ही एकाच पंपात, तिन्ही एकाच पंपात. डबी पिशवीत टाकली, पान मात्र काउंटरवर ठेवून गेली. "पाहून ठेवजा," म्हणाली.

फेकणार होतो. फेकलं नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

नमाजहून आलो, दुकानात गर्दी नव्हती. मलिहाचं शाळेतलं भिंग सकाळीच घरून आणलं होतं. पोरगी आता बुलढाण्याला कॉलेजात, भिंग कपाटात पडून होतं.

बघितलं. मग परत बघितलं. त्रेचाळीस अंडी. पाच ओळी, एकीला एक चिकटून, कोणी पट्टी लावून बसवल्यासारख्या. रंग सोनेरी, थोडा काळपट. प्रत्येक अंड्याला वर गोल झाकण आणि झाकणाच्या काठाला बारीक काटे – पापण्यांसारखे. एवढंसं अंडं, त्याला झाकण!

वामनराव – दुकानाचे मालक – मागून येऊन म्हणाले, "काय पाहून राह्यला बे गनीभाई, हिरे?"

"अंडी."

"बापा! अन् आपण काय विकतो ते माहीत हाये ना?"

हसले. मीही हसलो. अठरा वर्षांत हजारो लोकांना सांगितलं, अंडी मारा. एक अंडं बघितलं नव्हतं.

१९ ऑगस्ट, शनिवार

पान घरी आणलं. दुकानात ठेवलं तर आतले मरतील. मला औषधांचा वास येत नाही – यायचा, पहिली एक-दोन वर्षं. आता नाही. बायकोला, नसीमाला येतो. मी घरी गेलो की ती आधी शर्ट मागते आणि वेगळ्या बादलीत टाकते.

लोणच्याची रिकामी बरणी धुतली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. नसीमा बघत होती.

"ये क्या पाल रै तुम? दुकान का जहर कम था, अब घर में कीडे!"

काय सांगणार? मलाच माहीत नाही काय पाळतोय. ती उर्दू वाचते, मी मराठी शाळेतला. म्हणून ही वही मराठीत. घरात कोणी उघडत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

पोळा. दुकान दुपारी बंद. झोपलो. उठलो तरी थकलेलाच. अंडी तशीच.

२३ ऑगस्ट, बुधवार

अंड्यांत काहीतरी लाल दिसायला लागलं. झाकणाखाली दोन ठिपके. डोळे असतील का? पान वाळलं, पण अंडी घट्ट.

आज दुकानात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गनीभाऊ, बीटीतही अळी काऊन येते?" मी म्हटलं, बाबा, मले माहीत असतं तं मी इथं उभा असतो काय. तो म्हणाला, हाव ना. आणि बाटली घेऊन गेला.

२४ ऑगस्ट, गुरुवार

निघाली!

सकाळी चहा घेऊन वऱ्हांड्यात आलो तर बरणीत पानावर लाल ठिपके. भिंग लावलं. अर्धी अंडी रिकामी, झाकणं उघडून एका बाजूला लटकलेली – डब्यांची झाकणं उघडी राहावीत तशी. एक पिल्लू माझ्यासमोर बाहेर आलं. आधी डोकं, मग जोर लावून खांदे, मग पाय एकेक सोडवले. पोट लाल, तांबूस कुंकवासारखं. डोकं आणि पाय काळे. बाहेर आल्यावर काहीच करत नाही. थांबतं. थकतं असेल.

सगळीच्या सगळी रिकाम्या अंड्यांभोवती गोळा होऊन बसली. कुठे जात नाहीत. एकाला काडीनं बाजूला केलं तर परत आलं, बाकीच्यांच्या अंगाला अंग लावून बसलं.

नसीमाला हाक मारली. ती आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. "मलिहा हुई थी तो ऐसीच लाल थी," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुकानात उशिरा पोचलो. वामनरावांनी नुसती गल्ल्याची किल्ली पुढे केली. अम्मीच्या मय्यतीला खांदा दिलेला माणूस आहे, लहानसहान गोष्टींवरून बोलत नाही.

२६ ऑगस्ट, शनिवार

तीन जणांना मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तिघंही एकदमच – "लाल ढेकूण! मारा!" मलाही तेच वाटतंय. लाल ढेकूण बोंडातून रस पितो, सरकी खराब करतो. म्हणजे जनकाबाईला बरोबरच सांगितलं होतं. जरा बरं वाटलं.

पण एक कळत नाही. ताजं पान, कोवळं बोंड, सगळं टाकलं. पानाला सोंड लावतात, जरासं पाणी पितात, पण बोंडाला तोंडही लावत नाहीत.

२८ ऑगस्ट, सोमवार

आज जे बघितलं ते लिहायलाच पाहिजे, कितीही दमलो तरी.

काल त्यांनी कात टाकली. बरणीच्या तळाशी सालं पडलीत, पिल्लांच्याच आकाराची, पोकळ. अंगं थोडी मोठी झाली. नसीमा फ्लॉवर निवडत होती, त्यात हिरवी अळी निघाली. ती फेकायला निघाली, मी म्हटलं, इकडं दे. बरणीत टाकली.

अळी पिल्लाच्या चौपट. एक पिल्लू पुढे झालं. थांबलं. सोंड – पोटाखाली दुमडून ठेवतात ती – सरळ पुढे काढली, सुईसारखी. अळीला हळूच टेकवली. अळी झटका देऊन उलटीपालटी झाली, पण पिल्लानं सोडलं नाही. मग दुसरं आलं, मग चार. अर्ध्या तासानं अळी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती आणि पाच जणं तिला धरून मेजवानी करत होती.

हे पऱ्हाटी खाणारे नाहीत. पऱ्हाटी खाणाऱ्याला खाणारे आहेत!

२९ ऑगस्ट, मंगळवार

दुकानात खालच्या खणात कृषी विद्यापीठाची एक पुस्तिका होती. कधी कोणी दिली आठवत नाही, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात फोटो सापडला. तेच लाल-काळं पिल्लू. खाली लिहिलंय – शिकारी ढेकूण, मित्रकीटक, फवारणी टाळावी. पुस्तिका माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. कितीतरी वर्षं.

वामनरावांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, परत दिली. "बरोबर असन. पण गनीभाई, शेतकरी अळी पाहून येते आपल्याकडे. त्याले किडे पाळा म्हणून सांगू? समोरच्या दुकानात जाईन." चिडून नाही म्हणाले. तेही दमलेत.

जनकाबाईचा नंबर नाही. कडूबाची जीप त्या बाजूला जाते. त्याला निरोप दिला – अंडी मारू नका, चांगले किडे आहेत, सांगजो. कडूबा म्हणाला, "अंड्याचा निरोप? बरं."

३१ ऑगस्ट, गुरुवार

कडूबा विसरला. "उद्या सांगतो ना, भाई." त्याच्या जीपमध्ये माणसं दारापर्यंत लटकलेली असतात. निरोप कुठे बसणार? मी जायला पाहिजे. ईद झाली की जाईन.

२ सप्टेंबर, शनिवार

ईद. मलिहा आली. बरणी बघून खूश. "अब्बा, आता बी.एस्सी. तुम्हीच करा." एका पिल्लानं दुसऱ्याला खाल्लं. अळ्या कमी पडल्या म्हणून. कोणाला सांगितलं नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

कडूबा सकाळी दुकानात आला, आत न येता पायरीवरच उभा राहिला.

"भाई, तुमचा निरोप द्यायचाच राहून गेला. अन् काल त्या इंद्रभानले माह्याच जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं. फवारताना पडला. तोंडातून फेस. दिसून नाही राह्यलं म्हणे त्याले."

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी रॅककडे. तीन बाटल्या. तिन्ही एकाच पंपात.

दिवसभर गिऱ्हाइकं केली. प्रत्येकासमोर तोंडात आलेलं वाक्य गिळलं – पहिल्यांदाच.

५ सप्टेंबर, मंगळवार

आता कळतं. मी निरोप किड्यांसाठी पाठवला होता. माणसासाठी नाही. मिश्रण चुकीचं असेल हे डोक्यातच आलं नाही! सगळेच सांगतात. मीही सांगत आलो. कशात काय मिसळतं आणि आत जाऊन काय होतं – तेही कधी बघितलं नाही.

दवाखान्यात जायला निघालो. वामनराव म्हणाले, "आता नको. चौकशी होईन. तू गेला की कबूल केल्यासारखं होते." बसलो.

७ सप्टेंबर, गुरुवार

जिवाचा धोका टळला म्हणे. डोळ्यांचं सांगत नाहीत.

बरणीत चौदा उरलीत. अजून एकदा कात. खांद्यांवर टोकं दिसायला लागली.

११ सप्टेंबर, सोमवार

चौकशीचे साहेब आले. तरुण, सभ्य. बिलबुक बघितलं, साठा बघितला. म्हणाले, विक्री करणाऱ्याचा एक जबाब लागेल, काय सांगून दिलं होतं ते.

वामनराव त्यांना चहा घ्यायला बाहेर घेऊन गेले. जायच्या आधी माझ्यापुढे कागद ठेवला आणि हळूच म्हणाले – "वेगवेगळं माराले सांगतलं व्हतं, शेतकऱ्यानं आपल्या मनानं एकत्र केलं. एवढंच लिही. माणूस तं वाचला ना?"

मी लिहिलं.

धमकी नव्हती, जबरदस्ती नव्हती. पंख्याखाली बसलो होतो, बऱ्याच दिवसांनी खुर्चीवर. उठायचा कंटाळा आला होता. पेन हातात होता. दोन ओळी. सही – शेख अब्दुल गनी.

इथेही लिहायचं नव्हतं. पण मग ही वही कशाला?

१२ सप्टेंबर, मंगळवार

अळ्या आणायच्या राहिल्या.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना नसीमा म्हणाली, "चार दिन से रोटी के टुकडे कर रै, खा नै रै. क्या किए तुम?"

"कुछ नहीं."

"झूठ बोलते वक्त तुम नमक मांगते."

मिठाची वाटी माझ्या हातात होती. सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. ताट उचलून घेतलं आणि एवढंच विचारलं – "उसकी औरत को किसने देखा?"

१८ सप्टेंबर, सोमवार

इंद्रभानला घरी सोडलं. कडूबा म्हणाला, हाताला धरून उतरवला.

बरणीत सहा. दोघांना पंख आले. लाल रंग गेला, मातकट झाले, खांद्याला काटे. ओळखूच येत नाहीत.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

नमाज झाली आणि घरी न येता कडूबाच्या जीपमध्ये बसलो. वामनरावांना सांगितलं नाही.

अंगणात इंद्रभान खाटेवर. "कोण?" त्यानं विचारलं, माझ्या तोंडाकडे बघूनच. डाव्या डोळ्यानं माणूस आल्याचं कळतं म्हणे, चेहरा कळत नाही. उजव्यात नुसतं धुकं. "दुकानातले गनीभाऊ," जनकाबाई म्हणाली. तिनं पाणी आणून दिलं. मी तिला ओळखलंच नसतं. एका महिन्यात गालाची हाडं वर आली.

तिची जाऊ आशाबाई उंबऱ्यात बसली होती. "तुमी तरी सांगा हिले. डाक्टरानं याले सोडलं, अन् आता हे अन्नाले हात लावून नाही राह्यली. चहावर हाये."

"कसं खाऊ?" जनकाबाई म्हणाली. "माह्याच कानानं घात केला. भाऊनं सांगतलं वेगवेगळं मारा, अन् म्या आयकलं एकत्र. साहेबानं कागद वाचून दाखवला, खाली भाऊची सही हाये. म्या तं दोन खेपा म्हणून पाह्यलं व्हतं दुकानात... तरी चुकलं. घरी येऊन यायले म्याच सांगतलं, तिन्ही एकाच पंपात घाला. म्याच."

इंद्रभान खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे ना आता. दुकानात कल्ला किती असते. होते चूक."

मी पाणी प्यालो. पूर्ण ग्लास. हळूहळू प्यालो, म्हणजे तेवढा वेळ बोलावं लागलं नाही.

निघताना ती बांधापर्यंत आली. पऱ्हाटी सगळी लाल पडलेली, बोंडं किडकी. बांधालगतची एक ओळ दाखवली. "हे ओळ म्या फवारू नाही देली. तुमी पान पाहून सांगान म्हणून थांबली व्हती."

मी वाकून बघितलं. पानामागे एक मोठा शिकारी ढेकूण, सोंडेला अळी लटकलेली. तिला दाखवलं. म्हटलं, वहिनी, हे पिकाचं काही खात नाहीत, अळ्या खातात. तुमी थांबल्या ते बरोबर केलं.

"हो काय?" ती म्हणाली. आणि क्षणभर तिचा चेहरा बदलला – निदान एक तरी बरोबर केलं, असं काहीतरी. मग परत तसाच.

किड्यांबद्दल खरं सांगता आलं. कागदाबद्दल नाही. जीपचा हॉर्न वाजला, मी गेलो.

माझा खोटा कागद मला वाटलं फाइलीत जाऊन बसेल. तो तिच्या घरात जाऊन बसलाय.

२३ सप्टेंबर, शनिवार

बरणीची जाळी सोडून दिली. दुपारपर्यंत सगळे गेले. एक थोडा वेळ काठावर होता.

२५ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच वामनरावांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चहा ठेवला. वामनराव पूजा करून बाहेर आले.

"मी जबाब बदलून राह्यलो," मी म्हटलं.

ते खुर्ची ओढून बसले. मग – "लायसन्स जाईन, गनीभाई."

"हाव."

"आपण एकट्यानं नाही सांगतलं लोकायले. सगळेच सांगतात."

"माह्या तोंडानं मीच सांगतलं, वामनराव. ते बाई आपल्या कानाले दोष देऊन राह्यली. जेवत नाही."

त्यांना हे माहीत नव्हतं. चष्मा काढून पुसत बसले. "अन् तू काय करशीन? या वयात कोण ठेवते तुले?"

"मी तं अठरा वर्षं उभाच राह्यलो. बसतो आता."

शालूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन चहा आणला आणि माझ्या हातात दिला. वामनराव म्हणाले, "जा. पण माह्यावर ढकलू नको." मी म्हटलं, नाही. तसं काही लिहिणारही नाही. मग त्यांनी हात जोडले की चष्मा घातला, मी बघितलं नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

लिहून दिलं. आधीचा जबाब खोटा, तिन्ही एकत्र करायला मीच सांगितलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि नुसती मान हलवली.

तिथून थेट टेकडीखाली गेलो. बसलो नाही. दारातच सांगितलं – वहिनी, तुमचे कान बरोबर होते. मी तेच बोललो होतो. कागदावर मी खोटं लिहिलं.

जनकाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग वळून आत म्हणाली – "आयकलं काय हो? म्या बरोबर आयकलं व्हतं!"

आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून ताटाचा आवाज आला.